हरकत

मुहर्रकच्या गल्लीत खलफच्या घरावर
आणखी एक मजला चढायचा आहे.
नकाशा माझ्या हातचा.
पूर्वेला तीन खिडक्या, त्याही मीच काढलेल्या,
कागदावर ती भिंत फार बोडकी वाटत होती म्हणून.

बलदियातून फाईल परत आली, वर शेजारणीचं पत्र.
अंगणात मी केस मोकळे सोडून बसते.
अंगणात माझी लिंबं वाळतात.
बस, दोन ओळी. खाली मोझा, थरथरत्या अक्षरात.

मोजायला गेलो तेव्हा डिसेंबर होता.
तिचा मुलगा दारात खाकरला, आत चपला सरकल्या,
मग मला घेतलं.
फरशीवर पोतं, पोत्यावर शे-दीडशे लिंबं,
काही पिवळी, काही तपकिरी,
काही पार काळी, फुंकरीनं लोळतील इतकी हलकी.
टेप उघडली. नवा मजला मनात उभा केला.
अडीचला सावली पहिल्या रांगेवर आली,
तीनला सगळं पोतं गिळून भिंतीला लागली.

पडद्याआडून तिनं काही विचारलं.
मुलानं मोडक्या हिंदीत सांगितलं:
तुझ्या खिडकीतून काय दिसतं?

काही नाही, म्हणालो.
एका खोलीत आम्ही पाच जण, बायका गावी.
समोरच्या बिऱ्हाडानं हरकत घेतली तेव्हा
मालकानं आमच्या काचेला दुधी कागद लावला.
आम्ही म्हणालो, हरकत नाही.
बाबल तर मदतीला उभा राहिला, बुडबुडे चेपत.
कुणाकडे कोण बघत होतं, ते ना त्यांनी सांगितलं
ना आम्ही विचारलं.
एका कोपऱ्यात कागद सुटलाय. तिथून
सव्वासहाला उजेडाची पट्टी येते
ती नेमकी दत्तारामच्या डोळ्यावर.
तो कूस बदलतो.

रात्री नकाशा पुन्हा काढला.
दोन खिडक्या खोडल्या.
तिसरीची खालची कड एक मीटर ऐंशीवर नेली.
माझी उंची एक पासष्ट.
सावलीचं मात्र काही करता आलं नाही.
फॉर्मात तिच्यासाठी रकाना नव्हता.

स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी मुलगा साइटवर आला,
पिशवीत वीसेक काळी लिंबं.
आईनं दिलीत, म्हणाला, उन्हातली आहेत.

घरात कोकम संपलं होतं,
बांगड्याच्या तिखल्यात दोन तीच टाकली.
पाचही जण गप्प जेवले.
मग बाबल बोट चाटत म्हणाला,
कडू झालंय रे.
बिया काढायच्या असतील आधी.