त्सिउरीचे दात

रात्रभर भट्टीच्या तोंडाशी वाकून
तिच्या पोटातल्या भिंतींवर मी लांबट पाव थापतो
आणि गुरुवारी दुपारी, न झोपता,
रिओनीवरचा पूल ओलांडून
कुतैसीतल्या बंद रेशीम कारखान्याच्या तळघरात
डोकं करायला शिकतो.

"पिठाचे हात आहेत तुझे," नाझिब्रोलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"पण पीठ फुगतं, एल्गुजा. माती बसते.
तिला आधी हाडं दे."
पाइपाचा तुकडा, वाकवलेली तार,
तारेला टांगलेली दोन काटक्यांची फुली,
ओल्या मातीचा भार खाली घसरू नये म्हणून.
बाई तिला फुलपाखरू म्हणतात.
ते आत गेलं की पुन्हा कुणाला दिसत नाही.

मी डोळ्यांपासून सुरुवात केली.
बाईंनी अंगठ्यानं दोन्ही पुसले,
पाटीवरचं चुकलेलं गणित पुसावं तसे.
"घराचा पत्ता नाही आणि खिडक्या कसल्या लावतोस?
कवटी. आधी कवटी.
मागून ओळखू आली की मग समोर ये."

त्सिउरी समोर स्टुलावर. पूर्वी सिनेमाची तिकिटं विकायची.
एका बैठकीचे दोन पाव, गरम हवेत, ही तिची अट.
तीन गुरुवार मी नुसती तिची मान केली.
मान सरळ वर जात नाही,
हे मला बेचाळीस वर्षं माहीत नव्हतं.
ती पुढे झुकते,
रांगेत पुढं काय चाललंय ते बघणाऱ्या माणसासारखी.

कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत.
डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर;
पटत नसेल तर मोज.
बुबुळ नंतर. आधी गोळा, गोळ्यावर पापणी,
वरची खालचीवर किंचित चढलेली,
डब्याचं झाकण बसतं तशी.
"फिरव चौरंग. अजून फिरव.
एकाच बाजूनं बघणारा
पासपोर्टचा फोटो काढतो, डोकं नाही करत."

"आणि जिवंत कधी दिसेल?"
बाईंनी आधी नाक शिंकरलं.
"दोन्ही बाजू सारख्या करायचं सोडशील तेव्हा."

मग दिसलं. खिडकीच्या भोकातून
सव्वीस वर्षं तिरकं हसून
डावा गाल उजव्याहून वर सरकलेला.
दाढा नाहीत तिथं कोपरा आत ओढलेला,
ओठ बटव्याची नाडी आवळल्यासारखे.
ते तोंड मी एका संध्याकाळीत केलं.
पाव झाला हे वासानंच कळतं,
तसं कळलं.
ओलं फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिक,
आणि शीळ घालत कामावर गेलो.

पुढचे दोन गुरुवार त्सिउरी आली नाही.
मी फडकं ओलं करून परत गेलो.

तिसऱ्या गुरुवारी आली ती दात घेऊन.
मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते,
तिनं पैसे धाडले होते.
ओठ भरलेले, हनुवटी खाली उतरलेली,
गाल दोन्हीकडे सारखे टम्म.
दहा वर्षांनी तरुण, कुणीतरी दुसरीच बाई
माझ्या स्टुलावर बसून पाव मागत होती.

नाझिब्रोलाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.
"आता तूच ठरव," म्हणाल्या.
मी जबडा कापायची तार हातात घेतली.

"थांब रे."
त्सिउरी उठली. चौरंगाभोवती फिरली,
आधी मागून,
जणू तीही इतके गुरुवार शिकतच होती.
तोंडाच्या कोपऱ्याजवळ बोट नेलं, लावलं नाही.
बराच वेळ काही बोलली नाही,
आणि त्सिउरी बोलत नाही असं सहसा होत नाही.
मग भिंतीकडे वळून, आमच्याकडे पाठ करून
रुमाल काढला.

परत बसली तेव्हा रुमालाची पुरचुंडी मांडीवर होती
आणि शब्दांत ती जुनी फुसफुस:
"लवकर आटप. सहाला लग्नाला जायचंय,
आणि हे बसवायला वेळ लागतो मेले."

बाईंनी टेबलावरचं घड्याळ
भिंतीकडे तोंड करून ठेवलं.
मी चौरंग थोडा फिरवला.