परत करण्याची तारीख

नागपूरहून आलेली मुलगी म्हणाली,
घरात जे नको असेल ते आणा,
आपण बागेत मांडू. आठ दिवस.
माणसं एकमेकांकडे बघत राहिली.
मग वनिता गेडाम बोलली,
घरी नको असं काईच नसते, बाई.
नको ते आमी कवाच चुलीत घातलं.

म्हणून ठरलं, उसनं आणायचं.
आणि मला, बागेच्या चौकीदाराला,
दोनशे पानी रजिस्टर मिळालं:
नाव, वस्तू, परत करण्याची तारीख.

बाग म्हणजे काय,
मामा तलावाच्या पाळीखाली दीड एकर,
एक शिंग गेलेलं सिमेंटचं हरीण,
दुपारी ढुंगण भाजणारी घसरगुंडी,
आणि फलक: फुले तोडू नये.
फुलं नाहीतच.

पौष होता. धान चुरून झालं होतं.
गोवर्धन नान्हेनं जाळं दिलं, तीस हात.
येनाच्या दोन झाडांमध्ये ताणलं
तर सकाळी त्यात दव अडकलं.
नान्हे त्याच्यासमोर उभा राहिला
आणि जन्मात पहिल्यांदा
जाळ्याकडे बघताना त्यानं मासे मोजले नाहीत.

बुरडाच्या सुगंधानं अकरा सुपं टांगली.
वारा सुटला की ती
रिकामीच पाखडायची.
मंडपवाल्याची शिडी आभाळाला टेकवून ठेवली,
पोट्टे चढायचे, मी शिटी वाजवायचो,
पोट्टे आणखी एक पायरी चढायचे.

कौतिकाबाई मडावीनं दार दिलं.
जुन्या घराचं, सागाचं, चौकटीसकट, बुटकं.
नव्या घरकुलाला लोखंडी दार होतं तिच्या.
ते मोहाखाली उभं केलं, उघडं.
भिंत नाही, घर नाही,
दोन्हीकडून हवं तसं जा.
तरी जो आला तो दारातूनच गेला.
अध्यक्षसाहेबांचा उद्घाटनाचा फेटा
चौकटीला अडला, तेही वाकून गेले.
शेळी तेवढी बाजूनं गेली.

तिसऱ्या दिवशी शिडी गेली. लग्न होतं कुठंतरी.
चौथ्या दिवशी सोसायटीनं तलाव खुला केला,
नान्हे अंधारातच आला, जाळं सोडलं, सही केली.
मग सुपं, एकेक करून,
कारण तांदूळ काही थांबत नाही.
मुलगी मला म्हणाली, काका, आठ दिवस ठरले होते ना?
मी रजिस्टर दाखवलं.
तारखेच्या रकान्यात अर्ध्या लोकांनी लिहिलं होतं:
लागेल तेव्हा.

त्या दुपारी ती पाळीवर बसून राहिली.
नंतर वही काढली
आणि जे गेलं त्याच्या जागेचं चित्र काढू लागली.
येनाच्या दोन झाडांमधली हवा.
लोक येऊन बघायचे, मान हलवायचे, बराबर आहे म्हणायचे.
ही हवा मी सतरा वर्षं राखतोय,
तोवर कोणी पाहायला आलं नव्हतं.

नवव्या दिवशी कौतिकाबाईचा नातू बंडी घेऊन आला.
गोठ्याला दार लागत होतं.
तिनं स्वतः सही केली, मोठी,
रकाना ओलांडून माझ्या नावापर्यंत.
मुलगी दुपारच्या एसटीनं गेली.
ऑफिसात साहेबांनी विचारलं,
डेड स्टॉकला काय जमा?
मी लिहिलं, निरंक.

आता चैत लागला. मोहफुलं वेचायला
बाया पहाटेच येतात.
झाडाखाली दोन हात रुंद पट्टा
गवत धरत नाही,
सगळे अजून तिथूनच चालतात.
काल सुकरू वलके आला, काठी टेकत,
सहा फुटांचा म्हातारा.
पट्ट्याशी थांबला,
जिथं काहीच नव्हतं तिथं
मान खाली घातली
आणि आत गेला.