सत्यप्रत

जिल्हा न्यायालयाच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली
माझं टेबल. चोवीस वर्षं झाली.
शपथपत्र, भाडेपत्र, नावात बदल,
पानाला वीस रुपये, घाई असेल तर तीस.
मे महिन्यात मशीन इतकं तापतं
की ओल्या फडक्यावर बोटं टेकवत टाइप करावं लागतं.

काल प्रज्योत आला. गोळीबार चौकातल्या धकात्यांचा,
ज्यांच्या घरी आता माग नाही, मागाची खोली आहे.
हातात नोटीस. अकरा पानं, इंग्रजी,
एकही वाक्य श्वास न घेणारं.
"काकू, याले मराठीत उत्तर टाइप करून द्या ना.
वकील पाच हजार मांगून राहिला."

गुन्हा काय, विचारलं.
म्हणाला, एक खेळ होता. नदीचा, होडीचा.
कंपनीनं विकला, मग कंटाळली, मग सर्व्हर बंद केला.
पैसे भरून घेतलेली होडी काठालाच राहिली.
तर त्या मागाच्या खोलीत, कूलरचे शिंतोडे झेलत
हा, मानेवाड्याची आस्था,
आणि कामठीचा एक जण, ज्याला यांनी अजून पाहिलेलंही नाही,
तीन उन्हाळे बसले
आणि होडी पुन्हा चालायला लागली.
फुकट. कुणाकडून दमडी नाही.
नावाडी तेवढा यांचा. घाटावर कुणी आलं की म्हणतो,
"कुठी चालला बे? बस, सोडून देतो."

यावर अकरा पानं.
नदी आमची, काठ आमचा,
पाण्याचा आवाज आमचा, होडी डोलते ते डोलणं आमचं,
जे बनवलंत ते पुसा,
पुसल्याचं लिहून द्या,
पुन्हा आठवणार नाही असंही लिहून द्या.
हे शेवटचं मी घातलं.
पण त्या भाषेला ते शोभलं असतं.

मी कायद्याचं खाते. कायद्याला नावं ठेवणार नाही.
ज्यानं ती नदी पहिल्यांदा काढली
त्याच्याही रात्री जागून गेल्या असतील.
त्याचं नाव राहावं, त्याचा घास कुणी पळवू नये.
पण प्रज्योत सांगतो, त्याला कंपनीनं केव्हाच घरी बसवलं.
मग हे कुंपण कोणाच्या शेताचं?
आणि शेत खातंय कोण?

हे माझं मशीन. बनवणारा कारखाना कधीचा बंद.
धाकट्याच्या बारशाच्या वर्षी 'ळ' तुटला.
दोन महिने जागा सोडून पेनानं काढत होते,
बाळ, जवळ, वेळेवर.
मग इतवारीतल्या मुनव्वरभाईनं
शिलाई मशीनचा तुकडा कानशीनं घासून
नवा 'ळ' बसवला. थोडा डावीकडे झुकतो.
त्यानं कोणाची परवानगी घेतली होती?
तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करणारा सुतार
बैलाची सही घेतो का?

आणि प्रत म्हणजे चोरी असेल
तर मी चोवीस वर्षं काय केलं?
याच फाटकात, याच कायद्यासमोर
प्रतीवर शिक्का बसतो, निळ्या शाईत:
सत्यप्रत.
मूळ कागद वाळवीनं खाल्ला, पुरात गेला, सासऱ्यानं फाडला,
तेव्हा माणसाचं घर त्या प्रतीवरच उभं राहिलं.

यातलं काहीच उत्तरात बसत नाही.
उत्तरात बसलं ते एवढंच:
आम्ही काही विकलं नाही.
तुम्ही बंद केलं म्हणून आम्ही चालवलं.
प्रज्योत मध्येच म्हणाला,
"आस्था म्हणते, मारबतीत नोटिशीचा बडग्या काढू."
म्हटलं, काढा. पण पंधरा दिवसांच्या आत उत्तर जाऊ द्या.
बडग्या जळतो. पोच राहते.

विषयाच्या ओळीत एकच शब्द उरला होता.
आधी 'खे'.
मग 'ळ', मुनव्वरभाईचा,
डावीकडे झुकलेला.

त्यानं वीसची नोट पुढे केली.
मी कागद ओढून काढले, मधले कार्बन सोडवले.
ही त्यांना, ही तुला.
तिसरी मी ठेवते.