घावाला तीन सेकंद

ऑर्वोक्कीनं कॉफीच्या पुड्यामागे गणित मांडलं:
एक ते हजार, त्यात लपलेला एक आकडा,
सूत्रधार फक्त म्हणणार, वर किंवा खाली.
दर वेळी अर्ध्यावर तोडलं
तर दहा घावांत आकडा हातात.
तीस सेकंद. घावाला तीन.

मी, तिचा भाऊ, सॉनाबाहेर घड्याळ धरून.
पहिल्याच संध्याकाळी घोडं अडलं भाषेपाशी:
फिन्निशमध्ये नऊशे सत्त्याऐंशी म्हणेपर्यंत
अंगावरचा टॉवेल वाळतो.
मग तिनं नेमकं अर्धं सोडलं,
जिभेला हलके आकडे धरले.
सातशे पन्नास नको, सातशे.
वाकडं तुटलं तर तुटू दे.
चाळीस वर्षं कागद गिरणीत रिळं तोललेली बाई,
काटा मध्यावर थांबत नाही हे तिला ठाऊक.

ताम्पेरेच्या स्टुडिओत सगळं जमलं.
फक्त सूत्रधार हिशोबात धरायचा राहिला होता.
प्रत्येक 'वर'आधी तो भुवई उचलायचा,
प्रेक्षकांकडे बघायचा, गालात हसायचा.
आठव्या उत्तरावर घंटा.
तीन-चार आकडे उरलेले, त्यांतलाच एक.

परतीच्या गाडीत ती गप्प.
मग तिकिटामागे पेन्सिल चालू लागली:
प्रश्न आठच मिळणार
तर पोच अडीचशे आकड्यांपुरती.
उरलेले साडेसातशे
आरंभीच, न विचारता, सोडायचे.

"कुठले?"

"म्हणायला लांब असतील ते."

बाहेर बर्फात एक स्टेशन गेलं,
पाटीवरचं नाव
निम्मंच वाचून झालं होतं.