दुसरं गेट

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी
दुसरं गेट पडतं.
पडतं म्हणजे घंटी वाजवत खाली येतं,
नेमकं माझ्या स्कूटरच्या पुढ्यात.
पलीकडे उद्यमबाग, फाउंड्रीचं ऑफिस,
बोट लावायचं यंत्र,
सव्वानऊनंतर ते लाल होतं.
अलीकडे मी,
आणि माझ्यामागे पार कोपऱ्यापर्यंत हॉर्न.

मनगटावर घड्याळ आहे, मुलानं बंगळूरहून पाठवलेलं.
पावलं मोजतं, झोप मोजतं,
रात्री मी किती वेळा कूस बदलली
तेही त्याला ठाऊक.
का बदलली ते नाही.
आत्ता ते थरथरतं :
एक मिनिट, खोल श्वास घ्या.
पुढे ट्रकचं नळकांडं.
घेते, बाबा. नंतर घेते.

बसलिंगप्पा केबिनच्या दारात,
हिरवी झेंडी काखेत.
'ओ, सोडा की लवकर!' कुणीतरी ओरडतं.
तो मान न वळवता म्हणतो, 'तडी, तडी.'
थांब म्हणायला आमच्या गावात दोन भाषा आहेत.
दोन्हींत कुणी ऐकत नाही.

परवा मात्र मी किल्ली फिरवली.
इंजिन बंद.
पेट्रोल वाचवायला म्हणा,
किंवा हाताला कंटाळा आला म्हणा.
शेजारी एक बाई टोपली टेकवून उभी होती.
रताळी. अंगावर तांबडी माती तशीच.
'कुठली हो?'
'बेळगुंदीची की. काल काढलो.'
मी नुसतीच बघत राहिले, तर म्हणाली,
'हात लावून बघा की, हात लावायला पैसे न्हाईत.'

गार होतं.
जड होतं, दिसत होतं त्याहून.
एका खाचेत ढेकूळ अडकलेलं, ते नखानं काढलं
आणि कुठं टाकावं कळेना,
मुठीतच ठेवलं.

वडील आठवले. उगाच नाही,
बोटांमुळे आठवले.
वडगावात आमचा माग होता, खोलीभर,
आम्ही त्याच्या उरलेल्या जागेत राहायचो.
धागा तुटला की खडखड थांबायची,
सगळ्या घराला ऐकू यायची ती शांतता,
आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची.
वडील वाकून टोक शोधायचे,
दोन बोटांत ओलं करून गाठ मारायचे.
मुकादम दारात असला तरी
गाठीला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागायचा.
नंतर माग विकला.
आता शेजारच्यांचं यंत्र चालतं रात्रभर,
धागा तुटला की ते आपोआप थांबतं.
मी जागी होते, कारण आवाज बंद झालेला असतो.
(हे घड्याळाला सांगायचं राहिलंय.)

मालगाडी आली.
मोजायला लागले.
लहानपणी पैज लागायची आमची, एका पेरूची.
अकरा, बारा,
एका डब्यावर कुणीतरी खडूनं फूल काढलेलं,
कुठल्या स्टेशनात काढलं असेल, कुणाला वेळ होता,
सव्वीस, सत्तावीस,
जमीन चपलेतून वर येत होती,
छत्तीस, सदतीस,
'अर्धा किलो देऊ काय?'
आणि आकडा सुटला.

गेट उठलं. सगळे एकदम निघाले,
माझी स्कूटर चौथ्या किकला.
मागून काय काय ऐकू आलं ते लिहीत नाही.
यंत्र लाल झालं होतं.
दिवसभर कास्टिंगची बिलं करताना
मधूनच वाटायचं, बावन्न असतील.
की त्रेपन्न?
गार्डाचा डबा धरायचा का?

रात्री मुलाचा फोन. ॲपमध्ये त्याला दिसतं सगळं.
'आई, आज पावलं कमी पडली तुझी.'
'गेटावर उभी होते.'
'काय करत होतीस?'
'काही नाही की.'

तो गप्प.
मीही.
कुकरची वाफ जिरत होती, आत रताळी.
त्याच्या बाजूला कुठंतरी लिफ्टचं दार उघडलं,
मिटलं,
परत उघडलं.
फोन कुणीच ठेवला नाही.