पाचानंतर पंचवीस

विडी घरकुलातल्या अंगणवाडीला वर पत्रा आहे.
मार्चपासून दहा वाजताच तापतो,
म्हणून अंक आधी, गाणी नंतर.

लावण्या बुर्ला, वय चार वर्षं दोन महिने,
चिंचोके मोजते:
एक, दोन, तीन, चार, पाच,
पंचवीस.
आणि हात झटकते.
झालं. कट्टा बांधला.

मी म्हणते, अगं, पाचानंतर सहा.
ती माझ्याकडे बघते,
जशी तिची आई बघत असेल कारखान्यात
चांगल्या विड्या छाटात फेकणाऱ्या माणसाकडे.

किती झाले, विचारलं
की पुन्हा पहिल्यापासून मोजते.
पुन्हा विचारलं, पुन्हा पहिल्यापासून.
तिला वाटतं, किती म्हणजे कामाचं नाव.
उत्तर असतं हे
तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.
म्हणजे मी सांगितलं. सतरा वेळा.

भिंतीवर मी आकडे रंगवलेत, चुन्यावर निळीनं.
एक म्हणजे पळी. चाराला गाठ मारलेली.
तीन आणि सहा सगळेच उलटे काढतात,
सोहेल तर मुद्दाम.
त्या दोघांनी एकमेकांकडे पाठ केली की काय होतं
ते पुढे शिकतील,
त्याला शाळा लागत नाही.

शेजारच्या शेडमध्ये माग चालतो.
खटक् खटक् खटक् खटक्.
मोजून बघा म्हणाले मुलांना, एकदाच.
दमली बिचारी. तो थांबतच नाही.

मी अक्कलकोटची.
बी.ए. मराठीतून, नोकरी मराठीतून,
पण पैसे मोजताना कोणी मध्ये बोललं
तर मनातल्या मनात कानडीत परत सुरू करते.
हे मी पर्यवेक्षिकाबाईंना सांगितलेलं नाही.

परवा पायरीवर बसलो दोघी,
मध्ये चिंचोक्यांची रांग.
म्हटलं, तू तुमच्या घरातलं म्हण, मी आमच्या.
ओंदु, मी. ओकटी, ती.
एरडु. रेंडु.
मूरु. मूडु.
नाल्कु. नालुगु.
ऐदु.
ऐदु.
दोघी थांबलो.
आरु, मी म्हटलं.
आरु, ती म्हणाली, आणि मान वर केली,
जणू मी तिच्या घरच्या डब्यातलं काही
न विचारता खाल्लं होतं.

सातावर पुन्हा फाटे फुटले.
फुटू देत.
सहावा चिंचोका तिनं उचलला होता,
मुठीत धरला होता,
खिचडी वाढेपर्यंत सोडला नाही.

रजिस्टरमध्ये रकाना आहे:
बालक दहापर्यंत मोजते का. होय, नाही.
पेन घेऊन बसले.
मग ती जागा कोरीच ठेवून
पोषण आहाराचं पान भरलं,
हजर तेवीस, ताटं चोवीस.
(चोविसावं सोहेलच्या बहिणीचं. ती पटावर नाही.)

संध्याकाळी वजनाचं कार्ड द्यायला तिच्या घरी गेले.
आई, अंबुबाई, उंबऱ्याशी सूप घेऊन.
पान, तंबाखू, वळ, दोरा, मूड.
डोळे रस्त्यावर, बोटं विड्यांत.
मूठ भरून उचलते आणि बांधते, मोजत नाही.
मी एक कट्टा सोडून मोजला, राहवलं नाही म्हणून.
पंचवीस.
तिनं हसून परत बांधला.

बाजूला लावण्या.
पानांच्या कातरणाच्या सुरळ्या करून,
गुलाबी दोरा तीनदा गुंडाळून
तिनं एक बारकं जुडगं केलेलं.
किती गं, मी सहज.
तिनं मोजलं नाही.
सहा, म्हणाली. मराठीत.

सहाचा कट्टा कोण घेणार, आई म्हणाली.
मी घेते, म्हटलं.

पर्समध्ये आहे अजून,
बसच्या तिकिटांखाली, थोडा चेपलेला.
दोरा सोडलेला नाही.
मोजायचा राहिलाय.