मान्यता

तीन दिवस समितीने सुया मोजल्या,
तास मोजले, ग्रंथालयातल्या खुर्च्याही.
टाकोमातलं दोन मजली कॉलेज.
लिफ्ट नाही, हे दोनदा लिहिलं.

प्योबाईंना विचारलं, पदवी कुठली?
बापाची, त्या म्हणाल्या.
मोसंब्यात सुई टोचायची,
रस आला की पुन्हा पहिल्यापासून.
सात वर्षं.
रकान्यात मावेना.
'पुरावा जोडलेला नाही.'

संध्याकाळी पार्किंगमध्ये
अध्यक्ष मान धरून उभे.
"इथून खांद्यापर्यंत... जरा बघता?"

बाईंनी नुसतं बोट ठेवलं.
नेमकं तिथंच.
ते कळवळले, मग डोळेच मिटले त्यांनी.

बोट उचललं.
"क्लिनिकची मुदत आज संपली, साहेब.
आधी मान्यता, मग मान."

गाडीत बसता बसता म्हणाल्या,
"आणि जिन्यानेच यावं लागेल."